एका हाताने टाळी वाजत नाही

‘एका हाताने टाळी वाजत नाही’ अशी मराठीत म्हण आहे. दोघांचे भांडण मिटविताना वडीलधारी माणसे ती वापरतात. पण निसर्गाचा एक मोठा नियमही तिच्यात सामावलेला आहे.

एखादा मुलगा लहान होडीतून काठावर उडी घेतो, तेव्हा होडी मागे सरकते. मुलगा पायांनी होडीला मागे रेटतो आणि त्याच क्षणी होडी त्याला तेवढ्याच जोराने पुढे रेटते. नावाडी वल्ह्याने पाणी मागे लोटतो. ते पाणी वल्ह्याला व त्याबरोबर नावेला पुढे लोटते. चालणारा माणूसही जमिनीला मागे रेटतो, म्हणूनच जमीन त्याला पुढे नेते. शेवाळलेल्या फरशीवर पायाला पकड मिळत नाही. तिला रेटता येत नाही, म्हणून तीही माणसाला पुढे नेत नाही.

इंग्लंडमधील थोर शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन याने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडला. प्रत्येक क्रियेला तितकीच, परंतु विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते, हा गतीचा तिसरा नियम होय.

मग ही दोन समान बले एकमेकांना नाहीशी का करीत नाहीत? कारण ती एकाच वस्तूवर लागत नाहीत. एक होडीवर लागते, तर दुसरे मुलावर. म्हणून दोघेही हलतात.

हा नियम वाचण्यास सोपा आहे. तरीही तो जाणत्यांनाही चकवितो. अमेरिकेतील रॉबर्ट गोडार्ड याने चंद्रापर्यंत अग्निबाण पाठविता येईल, असा विचार मांडला होता. १९२० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राने त्याची थट्टा केली. अवकाशात हवाच नाही, तर अग्निबाण रेटणार कशाला, आणि शाळेत शिकविले जाते तेवढेही या प्राध्यापकाला कसे ठाऊक नाही, असा त्या लेखाचा रोख होता.

वस्तुतः चूक वृत्तपत्राची होती. फुगविलेला फुगा तोंड न बांधता सोडला, की आतली हवा मागे सुटते आणि फुगा पुढे धावतो. अग्निबाणही आपल्या पोटातील जळालेला वायू वेगाने मागे फेकतो आणि तो वायू अग्निबाणाला पुढे लोटतो. त्याला बाहेरच्या हवेची गरज नसते. टाळीचा दुसरा हात तो बरोबरच घेऊन निघतो. गोडार्डने निर्वात नळीत प्रयोग करून हे आधीच पडताळून पाहिले होते.

थट्टा होऊनही त्याने काम सोडले नाही. १९२६ साली द्रव इंधनावर चालणारा जगातील पहिला अग्निबाण त्याने उडविला. १९४५ मध्ये तो निवर्तला. पुढे जुलै १९६९ मध्ये तीन अंतराळवीर चंद्राकडे निघाले, तेव्हा १७ तारखेला त्याच वृत्तपत्राने आपली एकोणपन्नास वर्षांपूर्वीची चूक मान्य करून खेद व्यक्त केला. तो वाचावयास गोडार्ड हयात नव्हता. परंतु त्याने ओळखलेल्या नियमावरच ते यान चंद्राच्या वाटेवर धावत होते.