लसपेटीतील उष्णतेचा हिशेब

उष्णता नेहमी अधिक तापमानाच्या वस्तूकडून कमी तापमानाच्या वस्तूकडे जाते आणि दोहोंचे तापमान समान झाले की हा प्रवाह थांबतो. या साध्या नियमाची कसोटी खेडोपाडी जाणाऱ्या लसपेटीत लागते. देशात १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून लसी टिकवणारी शीतसाखळी हा त्याचा कणा आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून गावी नेताना लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते. बाहेरची उष्णता वहन, अभिसरण व प्रारण अशा तीन मार्गांनी आत शिरू पाहते. पेटीचे जाड आवरण वहनाला, घट्ट झाकण अभिसरणाला आणि सावली उन्हाच्या प्रारणाला आवर घालते. तरीही जी उष्णता आत येते, ती बर्फ शोषून घेतो.

एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास एक कॅलरी लागते. परंतु शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात आणि तेवढ्या वेळात तापमान मुळीच वाढत नाही. हीच सुप्त उष्णता. १७६० च्या दशकात ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी तिचे विवेचन केले. पेटीत प्रत्येकी ४०० ग्रॅमचे चार आइसपॅक असल्यास ते वितळेपर्यंत सुमारे १ लाख २८ हजार कॅलरी शोषतात.

धोका मात्र दुसऱ्या बाजूनेही असतो. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक उणे २० अंशांच्या आसपास असतो. तो लगेच पेटीत ठेवल्यास लसीतील उष्णताही ओढून घेतो आणि लस गोठू शकते. धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांसारख्या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. पुन्हा वितळवून त्यांचा गुण परत येत नाही.

म्हणून आइसपॅक काही वेळ बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच पेटीत ठेवावा. बर्फ व पाणी एकत्र असणे म्हणजे तापमान शून्यावर आल्याची खूण होय. उणे २० पासून शून्यापर्यंत येण्यात बर्फाच्या दर ग्रॅममागे अवघ्या १० कॅलरी खर्ची पडतात. ८० कॅलरींचा मुख्य साठा जवळजवळ तसाच राहतो.

लसीकरणाच्या दिवशी पंचायतीने सावलीची जागा द्यावी, शिक्षकांनी झाकण विनाकारण उघडू देऊ नये आणि निघण्याची घाई कोणी करू नये. त्या थोड्या प्रतीक्षेवर बालकाला मिळणारे संरक्षण अवलंबून असते.