यकृतातील व्रण : वारसा आणि राहणी

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



जगातील चार प्रौढांपैकी निदान एकाच्या यकृतात चरबी साचलेली असते. परंतु जिवावरचे संकट ओढवते ते त्या चरबीपेक्षा तिच्यामुळे पडणाऱ्या व्रणांमुळे. चरबीने फुगलेल्या पेशी मरू लागल्या की शेजारच्या विशिष्ट पेशी चिवट तंतू तयार करू लागतात. हे तंतू वाढत जाऊन यकृत कठीण आणि गाठाळ झाले, की त्यास सिरोसिस म्हणतात.

मग दोन सख्ख्या भावांच्या यकृतात चरबी असताना व्रण एकालाच का पडतात?

पहिले कारण जनुकांत आहे. पीएनपीएलए३ या जनुकाचा यकृतातील चरबीशी असलेला संबंध २००८ मध्ये उघडकीस आला. त्याच्या एका प्रकारात प्रथिनाचा केवळ एक घटक बदललेला असतो. असे प्रथिन चरबीच्या थेंबावर ठाण मांडून तिचे विघटन रोखते. हा दोष आई व वडील, दोघांकडून आला तर धोका अधिक वाढतो. उलट, एचएसडी१७बी१३ या जनुकाचा एक प्रकार यकृताचे रक्षण करतो, असे २०१८ मध्ये दिसून आले.

दुसरे कारण चयापचयाचे. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की पोटावरील चरबी वितळून यकृताकडे वाहू लागते. मधुमेह जडल्यास व्रणांची गती वाढते. ही दोन कारणे एकमेकांना बळ देतात : सडपातळ माणसात तोच जनुकदोष फारसा उपद्रव करीत नाही, स्थूल माणसात मात्र त्याचा परिणाम कित्येक पटींनी वाढतो. बी वारशाने येते; त्याला पाणी घालणे पुष्कळसे आपल्या हाती असते.

आपण मूळचे भारतीय. भारतीय वंशाच्या लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह होतो, म्हणून केवळ बारीक अंगकाठीवर विसंबू नये.

यकृताचा विकार म्हणजे मद्यपान, या समजुतीपायी अनेक घरांत तो लपविला जातो. हे मौन घातक आहे. आईवडील वा भावंडांपैकी कोणास सिरोसिस झाला असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. वय, यकृताची दोन विकरे आणि प्लेटलेट यांवरून व्रणांचा प्राथमिक अंदाज बांधता येतो. संशय आल्यास फायब्रोस्कॅन करतात.

वजन दहा टक्के, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाने आठ किलो उतरवल्यास, अनेकांचे व्रणही मागे हटतात. जनुकदोष असलेल्यांनाही वजन उतरवण्याचा लाभ होतो. जनुके बदलता येत नाहीत, परंतु त्यांची माहिती पुढच्या पिढीस वेळीच देता येते.