कुऱ्हाड, दोन दिरहम आणि पंधरा दिवस

धंदा बसला की घराघरांत दोन वाक्ये ऐकू येतात. एक, "नशिबातच नव्हतं." दुसरे, "सरकारनं मारलं." तकदीरवर आपला ईमान आहे आणि सरकारी निर्णयांचा फटका बसतो, हेही खोटे नाही. मालेगाव, भिवंडीच्या लूमवाल्यांना विचारा. नोव्हेंबर २०१६ मधली नोटबंदी, जुलै २०१७ पासूनचा जीएसटी आणि मार्च २०२० ची टाळेबंदी अशा तीन धक्क्यांनी लूमचा खडखडाट थांबवला. सुताचा भाव आणि विजेचा दरही विणकराच्या हातात नाही. पण ही दोन वाक्ये बोलून झाल्यावर पुढे काय? उद्याची चूल पेटवण्याची जबाबदारी कोणाची?

सुनन अबू दाऊदमध्ये हजरत अनस (रजि.) यांची एक रिवायत आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागायला आले. प्रेषितांनी (स.) आधी विचारले की, घरात काय आहे? घरात एक जाड कापड होते, अर्धे अंगावर घ्यायचे, अर्धे अंथरायचे; आणि पाणी पिण्याचे एक भांडे. प्रेषितांनी (स.) दोन्ही वस्तू मागवून लोकांसमोर लिलाव केला. एकाने एक दिरहम सांगितला, दुसऱ्याने दोन देऊन त्या घेतल्या. एका दिरहमचे अन्न घरी पोहोचवा आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्या कुऱ्हाडीला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला. लाकडे तोडून विका आणि पंधरा दिवस मला दिसू नका, अशी ताकीद दिली. ते गृहस्थ परत आले तेव्हा त्यांनी दहा दिरहम कमावले होते.

भीक मागू नये हे सांगण्यासाठी ही हदीस आपण नेहमी ऐकतो. पण अडचणीत सापडलेल्या माणसाने काय आणि कोणत्या क्रमाने करावे, तेही तिच्यात आहे.

पहिली गोष्ट, घरात काय आहे ते पाहणे. देणे किती, येणे किती, हे कागदावर मांडा. मजुरीवर कापड विणणाऱ्याने एका मीटरमागे वीज, कारागीर, कांडी आणि दुरुस्ती यांचा खर्च काढावा. मिळणाऱ्या मजुरीतून एवढेही निघत नसेल, तर रात्रपाळी लावून तोटाच वाढतो. हिशेबात कसबही धरा. वीस वर्षे लूम सांभाळलेल्या माणसाला सुताची पारख असते, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड कळतो. लूम विकली तरी हे कसब त्याच्याजवळच राहते.

दुसरी गोष्ट, पहिला दिरहम घराचा. बुडत्या धंद्यात घरखर्चाचे पैसे ओतत राहणे ही हिंमत नव्हे. आम्ही शिक्षक मंडळी दरवर्षी पाहतो, सहामाहीनंतर एखादा पालक मुलाचा दाखला मागायला येतो. मूल हुशार असते, पण घरात हात कमी पडतात. मोठ्यांच्या धंद्याचा तोटा मुलाच्या शिक्षणातून भरून काढू नये. घरच्या बाईपासूनही तोटा लपवू नका. तिला खरे कळले तर ती खर्च आवरते. कळले नाही तर सावकाराचा माणूस दारात आल्यावरच तिला समजते.

तिसरी गोष्ट, दुसरा दिरहम अवजाराचा, मग काम लहान का असेना. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदिनेला आले, तेव्हा हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी त्यांना आपली अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. पनीर आणि तुपापासून सुरुवात करणारे हे सहाबी पुढे मदिनेतील मोठे व्यापारी झाले. आखाती देशातून नोकरी सुटून कोकणात परतलेल्या भावांना गावात लहान काम करायची लाज वाटते. त्यांनी हे आठवावे.

चौथी गोष्ट, मुदत आणि नोंद. पंधरा दिवसांनी हिशेब द्यायचा होता. आपणही नव्या कामाला सहा महिने, वर्ष अशी मुदत घालावी आणि त्या दिवशी खरेखुरे आकडे पाहावेत. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. कुरआनातील ही सर्वांत मोठी आयत. तरीही भावाभावांत पैसा गुंतवताना आपण लिहायला संकोचतो, आणि धंदा बसल्यावर नातेही बसते.

जबाबदारी आपली, याचा अर्थ माणसाला एकटे सोडणे नव्हे. कोणीतरी वाढीव बोली लावली, प्रेषितांनी (स.) दांडा बसवून दिला. ज्याचे बरे चालले आहे त्याने विणकराची मजुरी वेळेवर चुकती करावी, गरजू भावाचा माल पडत्या भावात मागू नये, नवशिक्याला आपल्या दुकानात हाताखाली घ्यावे. झाड मात्र ज्याचे त्यानेच तोडायचे आहे.

अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.