मूलनलिकेची धुलाई आणि सीलरची पकड

दात किडून दुखू लागला म्हणजे तो उपटून टाकणे हाच एके काळी सर्वसामान्य उपाय होता. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील कोणत्याही गजबजलेल्या रस्त्यावर दंतवैद्यांच्या पाट्यांवर ‘रूट कॅनाल’ हे शब्द आढळतात. ज्यांना खाजगी खर्च झेपत नाही असे पुष्कळ रुग्ण लोकलने शहरात येतात व मुंबई सेंट्रलजवळील, 1933 साली स्थापन झालेल्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयात किंवा सेंट जॉर्जेस रुग्णालयालगतच्या शासकीय दंत महाविद्यालयात उपचार घेतात. दोन-तीन खेपा घालून, कामाचे खाडे करून वाचविलेला दात काही वर्षांनी पुन्हा ठणकू लागला, तर रुग्णाचे श्रम व पैसा दोन्ही वाया जातात. अशा अपयशाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एका कारणाचा, म्हणजे नलिका भरताना सांधा नीट न बसण्याचा, नलिका धुण्याच्या द्रावणांशी कसा संबंध येतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दाताच्या मुळातून एक अरुंद नलिका जाते व तीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांनी युक्त अशी दंतमज्जा असते. जंतुसंसर्गाने ती नासली म्हणजे ती काढून, नलिका घासून, धुऊन बंद करणे हेच या उपचाराचे स्वरूप होय. नलिका भरण्यासाठी गट्टापर्चा हा रबरासारखा पदार्थ वापरतात. परंतु गट्टापर्चा दाताला स्वतः चिकटत नाही. भिंत आणि गट्टापर्चा यांमधील फट बुजविण्यासाठी जो पातळ लेप लावतात, तो सीलर. म्हणून सीलरची भिंतीवरील पकड महत्त्वाची ठरते.

ही भिंत दंतिनाची असते. दंतिनात वजनाने सुमारे 70 टक्के खनिज, 20 टक्के सेंद्रिय द्रव्य (मुख्यतः कोलॅजन) आणि 10 टक्के पाणी असते. त्यात असंख्य सूक्ष्मनलिका आहेत. फाइलने भिंत घासली म्हणजे दंतिनाची भुकटी, मज्जेचे अवशेष व जंतू यांचा एक ते दोन मायक्रोमीटर जाडीचा थर भिंतीवर लिंपला जातो व सूक्ष्मनलिकांची तोंडे बुजतात. मूलनलिकेतील या लेपस्तराचे वर्णन मॅककोम्ब व स्मिथ यांनी 1975 साली केले. सीलर या थरावर बसला, तर त्याची पकड भिंतीवर न राहता सैल भुकटीवर राहते. शेणाने सारवलेल्या ओल्या भिंतीवर चुना टिकत नाही, तसाच हा प्रकार आहे.

धुण्याच्या द्रावणांत पहिला मान सोडियम हायपोक्लोराइटचा. मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्यास भांडुपच्या संकुलात जो क्लोरीन देतात, त्याचेच हे जवळचे भावंड. पाण्यात दोहोंपासूनही हायपोक्लोरस आम्ल निर्माण होते व तेच जंतूंचा नाश करते. मात्र दंतवैद्याचे द्रावण अर्धा ते सव्वापाच टक्के, म्हणजे पिण्याच्या पाण्यातील मात्रेपेक्षा हजारो पटींनी तीव्र असते. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, डेकिन यांनी जखमा धुण्यासाठी अर्धा टक्का द्रावण प्रचारात आणले. नासलेली मज्जा विरघळविण्याचा त्याचा गुण ग्रॉसमन व माइमन यांनी 1941 साली दाखवून दिला. परंतु ते लेपस्तरातील खनिज भाग विरघळवीत नाही. ते काम इडीटीए हे द्रव्य करते. ते कॅल्शियमला पकडून विद्राव्य करते. नायगार्ड-ऑस्टबी यांनी 1957 साली त्याचा दंतोपचारात पुरस्कार केला. सामान्यतः 17 टक्के द्रावण सुमारे एक मिनिट वापरतात. ते दहा मिनिटे ठेवल्यास दंतिन झिजते, असे प्रयोगांत दिसले आहे.

येथपर्यंत प्रश्न स्वच्छतेचा होता. पकडीचा प्रश्न यानंतर उपस्थित होतो, कारण प्रत्येक द्रावण भिंतीची रासायनिक घडण बदलून जाते. इपॉक्सी रेझिनच्या सीलरांची परंपरा श्रोडर यांच्या एएच 26 पासून एएच प्लसपर्यंत आली आहे. यांतील इपॉक्साइड गट कोलॅजनमधील अमिनो गटांशी बंध जुळवितात असे मानतात. इडीटीएने लेपस्तर निघून कोलॅजन उघडे पडले, की असे बंध जुळण्यास वाव मिळतो. उलट शेवटी पुन्हा हायपोक्लोराइट दीर्घकाळ ठेवल्यास तेच कोलॅजन नष्ट होते. मेथाक्रिलेट रेझिनच्या सीलरांची अडचण निराळी आहे. हायपोक्लोराइट भिंतीत ऑक्सिडीकारक अवशेष मागे ठेवते व ऑक्सिजनमुळे रेझिनचे बहुवारिकीकरण अपुरे राहते. सोडियम ॲस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचे लवण, हे क्षपणकारक असल्याने 10 टक्के द्रावणाच्या रूपात वापरल्यास ही हानी बरीचशी भरून निघते, असे प्रयोगांत आढळले आहे. अलीकडे रूढ झालेले कॅल्शियम सिलिकेटचे सीलर ओलाव्याच्या व कॅल्शियमच्या साहाय्याने घट्ट होतात. त्यांच्या बाबतीत नलिकेत इडीटीए उरू देणे, किंवा भिंत अगदी शुष्क करणे, हिताचे नसते.

तिसरे द्रावण क्लोरहेक्सिडीन. ते जंतुनाशक असून दंतिनावर दीर्घकाळ टिकून राहते. परंतु ते मज्जा विरघळवीत नाही. हायपोक्लोराइटशी त्याची गाठ पडली की नारिंगी-तपकिरी साका तयार होतो, आणि इडीटीएशी पडल्यास पांढरा. हा साका सूक्ष्मनलिकांची तोंडे पुन्हा बुजवितो. इडीटीए व हायपोक्लोराइट एकत्र केल्यास हायपोक्लोराइटमधील क्रियाशील क्लोरीन झपाट्याने घटतो. म्हणून दोन द्रावणांच्या मध्ये शुद्ध पाण्याने वा लवणजलाने धुणे व नलिका कागदी शलाकांनी टिपून घेणे आवश्यक आहे.

पकड मोजतात ती काढलेल्या दातांच्या आडव्या चकत्यांवर. चकतीतील भरण दांडीने ढकलून बाहेर काढतात व लागलेल्या बलास स्पर्शाच्या क्षेत्रफळाने भागतात. उदाहरणार्थ, चकतीची जाडी 1 मिलिमीटर व नलिकेची त्रिज्या अर्धा मिलिमीटर असल्यास क्षेत्रफळ सुमारे 3.14 चौरस मिलिमीटर भरते. भरण सुटण्यास 6 न्यूटन बल लागले, तर पकड सुमारे 1.9 मेगापास्कल होते. ही संख्या तुलनेपुरतीच उपयोगी आहे. दाताचे वय, चकती मुळाच्या कोणत्या भागातील आहे, दात कसा साठविला होता, यांवर ती बदलते. आणि मुळाच्या टोकाकडे सूक्ष्मनलिका विरळ असल्याने तेथील स्वच्छता व पकड या दोन्ही गोष्टी कठीण असतात. शिवाय पकड अधिक म्हणजे दात अधिक काळ टिकेलच, असे या मोजणीवरून सिद्ध होत नाही. जंतूंचा नाश हे धुण्याचे पहिले कार्य होय. पकडीच्या लोभाने हायपोक्लोराइटला फाटा देणे चूक ठरेल.

तेव्हा निष्कर्ष इतकाच की, घासण्याच्या काळात हायपोक्लोराइट, अखेरीस थोडा वेळ इडीटीए, आणि मग जो सीलर वापरावयाचा त्यास अनुकूल अशी शेवटची धुलाई, असा क्रम विचारपूर्वक ठरवावा. शेवटच्या एका मिनिटात नलिकेत काय ओतले गेले, हे रुग्णास कधीच कळत नाही. परंतु बोरिवलीहून पहाटेची गाडी पकडून आलेल्या त्या माणसाचा दात पुढे टिकेल की नाही, यात त्या मिनिटाचाही वाटा असतो.