मजुरीचा रुपया आणि गावाचे स्थैर्य

ग्रामीण भागातील बेरोजगारीची चर्चा निघाली की बहुधा एकच उपाय पुढे येतो. जिल्ह्यात मोठा कारखाना आणावा, औद्योगिक वसाहत उभारावी, म्हणजे तरुणांच्या हाताला काम मिळेल. हा उपाय चुकीचा नाही. परंतु कारखाना सर्वत्र येत नाही. जिथे पाणी, रस्ते, वीज आणि कुशल मनुष्यबळ आधीपासून आहे, तिथेच तो येतो. कोरडवाहू, अवर्षणप्रवण गावांच्या वाट्याला मात्र शहराकडे जाणारी एस. टी. येते. अशा गावांत रोजगार निर्माण करायचा तर गुंतवणूक कशात करावी आणि तिचा लाभ टिकावा म्हणून काय करावे, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्राने या प्रश्नाला गेल्या अर्धशतकात दिलेली उत्तरे आजही अभ्यासण्याजोगी आहेत.

शहराचा कर, गावाला काम

१९७२ च्या दुष्काळाने राज्याचे ग्रामीण अर्थकारण कोलमडले. त्या काळात लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. या अनुभवातून रोजगार हमी योजनेला व्यापक रूप मिळाले. तिचे जनक वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्येच या कल्पनेचा प्रयोग केला होता. पुढे १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे ही शासनाची कायदेशीर जबाबदारी ठरली. देशाने हे तत्त्व २००५ च्या कायद्याद्वारे स्वीकारले, ते महाराष्ट्रानंतर पाव शतकाहून अधिक काळाने.

या योजनेसाठी पैसा कोठून आणावा, याचे उत्तरही विचारपूर्वक शोधण्यात आले होते. १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लागू झाला. मुंबई-पुण्यातील पगारदारांच्या वेतनातून कापली जाणारी ही रक्कम रोजगार हमीसाठी राखली गेली आणि राज्य शासनाने तिच्यात आपली भर घातली. यामागे केवळ दयाबुद्धी नव्हती. गावात काम मिळाले नाही तर गावाचा लोंढा शहरातच येणार आणि झोपडपट्टी, पाणी, आरोग्य यांवरील ताण शहरालाच सोसावा लागणार. गावातील गुंतवणुकीत शहराचाही स्वार्थ होता.

रुपया किती वेळा फिरतो?

मजुरीच्या रूपाने गावात आलेला रुपया प्रथम किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, शिंप्याकडे जातो. दुकानदार त्यातून शेजाऱ्याचे दूध घेतो, दूधवाला कडबा विकत घेतो. रुपया गावात जितके हात फिरतो, तितक्या जणांचा रोजगार त्यावर पोसला जातो. परंतु गावाला लागणाऱ्या बहुतेक वस्तू बाहेरूनच येत असतील, तर तोच रुपया आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी निघून जातो. मजुरी थांबली की गाव पूर्ववत रिकामे.

म्हणून मजुरीतून उभे राहिलेले काम कोणते, याला महत्त्व येते. पहिल्या पावसात वाहून जाणारा कच्चा रस्ता आणि उतारावरची माती धरून ठेवणारा समतल चर यांवर सारखीच मजुरी खर्च होते. रस्त्याचा लाभ हंगामापुरता. चरात मुरलेले पाणी मात्र पुढील अनेक वर्षे विहिरीतून परत मिळते. पहिल्या प्रकारात खर्च होतो, दुसऱ्या प्रकारात गुंतवणूक.

हिवरे बाजारचा हिशेब

हा फरक अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात स्पष्ट दिसतो. वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे गाव १९७२ नंतर खचत गेले. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, दारूच्या भट्ट्या वाढल्या आणि धडधाकट माणसे मजुरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेली. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. १९९४ मध्ये गावाची निवड राज्याच्या आदर्श गाव योजनेत झाली आणि रोजगार हमीचा निधी नियोजनपूर्वक पाणलोटाच्या कामांकडे वळवण्यात आला. सुमारे १,००० हेक्टर क्षेत्रावर समतल चर, बांध, नालाबंडिंग आणि वनीकरणाची कामे झाली.

या कामांनी लोकांना प्रथम मजुरी दिली. नंतर विहिरींना पाणी आले, मग राखलेल्या डोंगरावर गवत वाढले आणि गवताबरोबर गोठ्यात जनावरे आली. नव्वदच्या दशकाच्या मध्यास गावातील दूध दिवसाला सुमारे १५० लिटर होते. २०१० पर्यंत ते ४,००० लिटरच्या वर गेले. शेतीचा पैसा हंगामात येतो, दुधाचा पैसा मात्र वर्षभर येत राहतो. नियमित उत्पन्न असलेल्या घराला सावकाराचा उंबरठा सहसा झिजवावा लागत नाही. १९९५ च्या पाहणीत दारिद्र्यरेषेखाली असलेली १६८ कुटुंबे २०१० पर्यंत अवघ्या ३ वर आली. शहरात गेलेली अनेक कुटुंबे या काळात परतली. पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

बंधन नसेल तर बंधारा वाया

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. चर खोदणे, बंधारे बांधणे हे तर राज्यातील हजारो गावांत झाले, मग हिवरे बाजारसारखी गावे बोटांवर मोजण्याइतकीच का?

याचे उत्तर गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांत आहे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री ग्रामसभेने स्वीकारली. राखीव क्षेत्रातील गवत कापून न्यावे, जनावरे मात्र तिथे सोडू नयेत, असा नियम झाला. सिंचनासाठी खोल कूपनलिका घेण्यास आणि ऊस, केळी यांसारखी पाणी पिणारी पिके घेण्यास मज्जाव झाला. पुढे पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची प्रथा पडली. पाऊस किती झाला, भूजल किती आहे याचे मोजमाप करून पिण्यासाठी व जनावरांसाठी पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. कमी पावसाच्या वर्षी पेरणीला कात्री लागते, परंतु टँकरची वाट पाहावी लागत नाही.

हे बंधन नसते तेव्हा काय होते, याचेही उदाहरण राज्यातच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. भूजल पातळी वाढवणे आणि गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण करणे या उद्दिष्टांवर त्याचा परिणाम अल्पच झाला, असा ठपका महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने ठेवला. पाणी अडवण्याइतकेच ते कोणी, किती आणि कशासाठी वापरावे हे ठरवणे आवश्यक असते. बंधाऱ्यात साठलेले पाणी ज्याची कूपनलिका अधिक खोल त्याचेच होणार असेल, तर सार्वजनिक पैशातून खासगी संपत्ती तेवढी निर्माण होते.

भूमिहीनाचा वाटा

सर्वांत अवघड प्रश्न येथेच उभा राहतो. पाणलोट विकासाने विहीर भरते ती शेत असलेल्याची. भूमिहीनाला काम चालू असेतो मजुरी मिळते. काम संपले की त्याच्या वाट्याला काय उरते? उलट चराईबंदीने शेळ्या पाळणाऱ्या गरीब घराचाच घास आधी हिरावला जाण्याची भीती असते. ज्या विकासात गावातील एका गटाला फक्त त्याग करावा लागतो, तो विकास गावाला स्थैर्य देत नाही.

या प्रश्नाला विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात उत्तर दिले होते. व्यवसायाने अभियंता आणि उद्योजक असलेल्या साळुंखे यांनी १९७४ मध्ये नायगाव येथे पाणलोटाचे काम हाती घेतले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचा. दर माणशी अर्धा एकर, परंतु एका कुटुंबाला अडीच एकरांपेक्षा अधिक सिंचन नाही. उसाला पाणी नाही. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. योजनेच्या खर्चातील २० टक्के वाटा लाभार्थींनी उचलायचा. हरियाणातील सुखोमाजरी गावानेही जवळपास त्याच काळात धरणातील पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा समान हक्क मान्य केला होता. हक्क असल्यामुळे डोंगर राखण्यात भूमिहीनाचेही हित सामावले गेले आणि राखणदार ठेवण्याची गरज उरली नाही.

धोरणाने काय शिकावे

या अनुभवांतून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. स्थानिक गुंतवणुकीचे मोजमाप किती निधी खर्च झाला किंवा किती मनुष्यदिवस भरले यावरून करणे अपुरे आहे. पाच वर्षांनी किती कुटुंबांचे हंगामी स्थलांतर थांबले, शाळेतील पट टिकला का, उन्हाळ्यात टँकर लागला का, हे पाहावयास हवे. कामाची निवड ग्रामसभेने केली असेल तरच तिच्या देखभालीची जबाबदारी गाव स्वीकारते. निधी देण्यापूर्वी वापराचे नियम ठरलेले असावेत, कारण पाणी आल्यावर नियम करणे कोणत्याही गावाला जवळपास अशक्य असते. भूमिहीन आणि स्त्रिया यांचा वाटा त्या नियमांतच लिहिलेला असावा.

अर्थात या मार्गालाही मर्यादा आहेत. शिकलेल्या प्रत्येक तरुणाला शेती आणि दुग्धव्यवसाय सामावून घेऊ शकणार नाही. त्यातील अनेक जण शहरात जातील आणि त्यांनी जावेही. मात्र संधी शोधण्यासाठी गाव सोडणे वेगळे आणि विहीर आटली म्हणून बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणे वेगळे. पहिल्यात निवड असते, दुसऱ्यात नाइलाज. गावातील गुंतवणुकीने हा नाइलाज जरी दूर केला, तरी तिचे सार्थक झाले असे म्हणता येईल.