जुनी मोटार कशी टिकते?

दसऱ्याला मी आजोबांबरोबर पन्हाळ्याहून कोल्हापूरला गेलो. दसरा चौकात मरणाची गर्दी! तेवढ्यात आजोबा म्हणाले, "ती बघ, मेबॅक आली!"

ही लांबलचक मोटार छत्रपती राजाराम महाराजांची. नंबर बी.एम.के. 1. जर्मनीचा मेबॅक कारखाना झेपेलिन या हवाई जहाजांची इंजिनेही बनवीत असे. महाराज 1940 साली वारले, पण मोटार अजून दसऱ्याला निघते.

गाडी नुसती उभी राहिली, की रबर तडकते, लोखंड गंजते. म्हणून ती पुसावी, तेलपाणी करावे, अधूनमधून फिरवावी.

आजोबांची सायकल आमच्या गोठ्यात गंजत पडली आहे. बाबा ती भंगारात देणार आहेत. बाबा, हे वाचताय ना? देऊ नका. मी रोज पुसेन.

– इयत्ता 4 थी