तिथीची पाऊणपट

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनला, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला पूर्ण भरती. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून ही वेळ सकाळचीही आणि संध्याकाळचीही. मुंबईच्या आसपास हा आकडा तासाभराच्या आत-बाहेर जुळतो. सातवी-आठवीच्या विज्ञानाची उजळणी करायला मला याहून चांगली जागा दिसत नाही. गुरुत्वाकर्षण, चंद्राच्या कला आणि खाडीतले जीव पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असतात. इथे ते एकाच हिशेबात सापडतात.

आधी ही पाऊणपट कुठून आली ते पाहू. अमावास्येला चंद्र सूर्याच्या दिशेलाच असतो, त्यामुळे तो दुपारी बाराच्या सुमारास आकाशात सर्वांत उंच येतो. पुढे दर तिथीला तो सूर्यापासून १२ अंश मागे पडतो. ३० तिथ्यांत ३६० अंशांचा फेरा पुरा होतो. पृथ्वीला ३६० अंश फिरायला २४ तास लागतात, म्हणजे १२ अंशांना ४८ मिनिटे. म्हणून दर तिथीला चंद्र ४८ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. आता ४८ मिनिटे म्हणजे तासाचे चार पंचमांश, पाऊण तास नव्हे. तिथीमागे ३ मिनिटांची ही चूक साठत जाते आणि पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, खरा हिशेब मात्र बरोबर बारा सांगतो. तरीही पाऊणपटच सोयीची, कारण पाऊणकी पाठ असलेल्या माणसाला ती तोंडी करता येते आणि होडी पाण्यात लोटायला तेवढी अचूकता पुरते. निरीक्षणातून इतका नेमका आणि इतका वापरण्याजोगा नियम काढणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

खरा अवघड प्रश्न पुढचाच आहे. चंद्र पाणी ओढतो, तर भरती दोनदा का? चंद्राकडच्या बाजूला पाणी फुगते हे पटते. पण त्याच वेळी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही ते का फुगावे?

उत्तर ओढीत नाही, ओढीतल्या फरकात आहे. अंतर वाढले की गुरुत्वाकर्षण कमी होते. चंद्राच्या समोरच्या पाण्यावर ओढ सर्वांत जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी. म्हणजे समोरचे पाणी पृथ्वीपेक्षा थोडे अधिक ओढले जाते, आणि पलीकडचे पाणी पृथ्वीपेक्षा कमी ओढले गेल्याने मागे राहते. पृथ्वीवरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे फुगवटा दिसतो. हा फरक पृथ्वीच्या स्वतःच्या ओढीच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतका क्षीण असतो. त्याने पाणी सरळ वर उचलले जात नाही. हजारो किलोमीटरचा समुद्र किंचित आडवा सरकतो आणि ते पाणी गोळा होते.

सूर्याची गोष्ट इथेच कळते. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे आणि तो सुमारे ३९० पट दूर आहे. साधी ओढ अंतराच्या वर्गाने घटते; त्या हिशेबाने सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा पावणेदोनशे पट जोराने ओढतो. ओढीतला फरक मात्र अंतराच्या घनाने घटतो. ३९०चा घन सुमारे ५ कोटी ९३ लाख. २ कोटी ७० लाखांना त्याने भागा, उत्तर अर्ध्याहूनही थोडे कमी येते. म्हणून भरतीत मोठा वाटा चंद्राचा. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात आणि त्याच सुमारास, बहुधा एक-दोन दिवसांनी, उधाण येते. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती: पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही.

हे सगळे मोकळ्या समुद्राचे झाले. प्रत्यक्षात खंड आडवे येतात आणि भरती लाटेसारखी किनाऱ्याने प्रवास करते. पश्चिम किनाऱ्यावर ती दक्षिणेकडून उत्तरेकडे येते. गोव्याला मुंबईच्या आधी पोचते, भावनगरला काही तासांनी. गोव्यात भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटर, मुंबईत मोठ्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर चढते, आणि खंबातच्या निमुळत्या, उथळ आखातात कोंडलेले पाणी दहा मीटरपर्यंत उंचसखल होते. अलंगला तोडायची जहाजे भरतीच्या पाण्यावरच किनाऱ्यावर चढवतात. म्हणजे पाऊणपट मुंबईजवळच्या किनाऱ्याची. दुसरीकडे नेली तर तिच्यात त्या बंदराची बेरीज-वजाबाकी करावी लागते.

किनाऱ्यावरचे जीव याच वेळापत्रकावर जगतात. उधाणाला भरती जितकी वर चढते तितकी ओहोटी खाली जाते, म्हणून एरवी पाण्याखाली राहणारे खडक तेव्हाच उघडे पडतात आणि कालवे काढायला बायका याच दिवसांत उतरतात. डोल जाळे तर प्रवाहाच्या तोंडाशी रोवून ठेवलेले असते. उधाणाचा जोरदार प्रवाहच मासळी त्यात लोटतो. खाडीच्या चिखलात हवा नसते, त्यावर तिवराने उभी श्वसनमुळे वर काढली आहेत, आणि पानांतून तो मीठही बाहेर टाकतो. कांदळाचे बी झाडावरच रुजते, म्हणजे खाली पडताना ते बी नसून लांबट रोप असते आणि पुढच्या भरतीआधी त्याला चिखलात रोवून घेण्याची संधी मिळते. निवटी ओल्या कातडीतून श्वास घेते, म्हणून ओहोटीत ती चिखलावर हिंडू शकते.

पाण्याच्या या रोजच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे किंचित मंदावते आणि चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातो. १९६९पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर सोडून हे मोजले आहे. म्हणजे पूर्वी दिवस लहान असले पाहिजेत. याचा पुरावा जीवाश्मांनी दिला. प्रवाळाच्या सांगाड्यावर रोजच्या वाढीची बारीक रेघ उमटते आणि वर्षाचा जाड पट्टा. १९६३मध्ये जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या रेघा मोजल्या, तेव्हा एका वर्षात सुमारे ४०० भरल्या. वर्षाची लांबी तीच धरली, तर तेव्हाचा दिवस २२ तासांच्या आसपास होता.